रविवारी चर्च भरतं, पण शिष्य घडत नाहीत. काय करावं?

सलाम. तुम्ही विचारलंय की उपासनेला बाकं भरतात, नाताळात तर उभं राहायला जागा नसते, पण प्रार्थनासभेला तीच ठरलेली चार माणसं दिसतात. मग मंडळीची बांधिलकी वाढवायला कोणता कार्यक्रम घ्यावा? मी सांगलीत एका मंडळीत वडील म्हणून, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारा ज्येष्ठ म्हणून, सेवा करतो. माझं मत स्पष्ट आहे: हे कार्यक्रमाने होत नाही, सोबतीने होतं.

बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात प्रभू येशूने बारा शिष्यांना कशासाठी नेमलं ते वाचा. पहिलं कारण, त्यांनी त्याच्याबरोबर असावं. उपदेशाला पाठवणं त्यानंतर येतं. आपण उलटं करतो. दृढीकरण (मोठेपणी स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी) झालं की पोराला गायनमंडळात नाहीतर खुर्च्या मांडायला लावतो, आणि त्याच्याजवळ बसून 'तुझं कसं चाललंय' हे विचारायला कोणालाच वेळ नसतो. पुढे तो शिक्षणासाठी पुण्याला जातो आणि फक्त नाताळला भेटतो. संजीवन सभांना, म्हणजे विश्वास नव्याने जागवण्याच्या मोठ्या सभांना, माझा विरोध नाही; तिथे हात वर करणाऱ्यांचं मन खरंच हललेलं असतं. पण सोमवारी त्यांच्या घरी कोण जातं?

आमच्याकडे बुधवारी तिघं-चौघं एका आजींच्या स्वयंपाकघरात बसतात. मिरजेच्या दवाखान्यातली एक सिस्टर, मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर काम करणारा एक तरुण, मी आणि आजी. पुस्तिका नाही, भाषण नाही. मार्काच्या शुभवर्तमानातली दहा-बारा वचनं वाचायची आणि तीन प्रश्न विचारायचे: प्रभू इथे काय करतो, माझ्याकडून काय मागतो, या आठवड्यात मी काय करणार. तिसऱ्याचं उत्तर वहीत लिहायचं आणि पुढच्या बुधवारी सुरुवात त्यानेच करायची. सगळा जीव त्या वहीत आहे.

एका बुधवारी तो तरुण खाली बघून म्हणाला, "शेठ काटा मारायला सांगतात. नाही म्हटलं तर नोकरी जाईल." कोणी उपदेश केला नाही. आजींनी पोळी तव्यावरून उतरवली आणि म्हणाल्या, "नाही म्हण, बाळा. नोकरी गेली तर दोन्ही वेळ इथे जेवायला ये." तो नाही म्हणाला. शेठनी त्याला काट्यावरून काढून गोदामात टाकलं, पगार मात्र राहिला. बुरूज बांधण्याआधी खर्चाचा हिशेब करा असं लूकच्या चौदाव्या अध्यायात प्रभू सांगतो. तो हिशेब त्या घरात सगळ्यांनी मिळून केला. माणूस अशाने बांधला जातो.

गट फक्त बाप्तिस्मा झालेल्यांचाच हवा, असा आग्रह धरू नका. कवी रेव्ह. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली आपल्या साताऱ्यातच 'देवाचा दरबार' सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तशिष्य एकत्र येत. १९१९ मध्ये ते प्रभूकडे गेले, पण त्यांची भजनं आपण आजही गातो. आम्हीही बसल्यावर आधी एक भजन म्हणतो. ज्यांना वाचायचा संकोच वाटतो ती माणसं तिथेच मोकळी होतात.

एक धोका मात्र आहे, आणि तो मी फार गंभीरपणे घेतो. शिकवणाऱ्याभोवतीच माणसं जमू लागतात. करिंथच्या पहिल्या मंडळीत 'मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा' असं शिकवणाऱ्यांच्या नावाने गट पाडणं सुरू झालं होतं, तेच आपल्या वॉर्डावॉर्डांत होतं. म्हणून गट कायमचा एकाच्या हाती ठेवू नका. पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला दुसऱ्या पत्रात सांगतो की ऐकलेलं विश्वासू माणसांना सोपव, म्हणजे ती इतरांना शिकवतील. आमच्या सिस्टरने आता हॉस्टेलच्या दोन मुलींना घेऊन वेगळं बसायला सुरुवात केली आहे. तिला सगळं येतं म्हणून नव्हे; शिकवायला लागली म्हणून तिची स्वतःची वाढ झाली.

पाळकसाहेबांना आधी विश्वासात घ्या, नाहीतर वेगळी चूल मांडल्याचा गैरसमज होतो. डिसेंबरात सुरू करू नका, सगळे कॅरलच्या तयारीत असतात. जानेवारीत दोन माणसं निवडा, त्यांच्या ड्युटीप्रमाणे वार ठरवा आणि मार्क पहिल्या अध्यायापासून घ्या. ईस्टरपर्यंत चार-पाच अध्याय होतील, तेवढे पुरेत.