नववीच्या वर्गातील निनावी प्रश्नावली

प्रश्न : माझी मुलगी फोंडा तालुक्यातील एका विद्यालयात नववीत शिकते. विद्यार्थ्यांच्या आरोग्यविषयक सवयींची पाहणी होणार असून पालकांची संमती मागणारे पत्र शाळेने पाठवले आहे. दारू, तंबाखू, मारामारी, एवढेच नव्हे तर आत्महत्येच्या विचारांविषयीही त्यात विचारणार आहेत. जे मुलीच्या मनात नाही ते अशा प्रश्नांमुळे भरवले जाणार नाही ना? आणि तिची उत्तरे मला पाहता येतील का?
— एक पालक, फोंडा

उत्तर : तुमची पहिली शंका रास्त आहे आणि ती तपासलीही गेली आहे. न्यूयॉर्क राज्यातील २३४२ विद्यार्थ्यांच्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काहींना आत्महत्येविषयी प्रश्न विचारले, काहींना विचारले नाहीत. ज्यांना विचारले त्यांची अस्वस्थता वा तसे विचार वाढलेले आढळले नाहीत.

अशा पाहण्यांत केवळ व्यसनेच विचारतात, हाही समज सोडावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शालेय पाहणीत (आपल्याकडे ती २००७ साली सीबीएसईच्या शाळांत झाली) आई-वडील तुमच्या अडचणी समजून घेतात का, मोकळ्या वेळात तुम्ही काय करता हे त्यांना ठाऊक असते का, शाळेतील मुले मदतीला येतात का, असेही प्रश्न असतात. माझ्या मते हाच भाग अधिक मोलाचा आहे. गोव्यातील १२ ते १६ वर्षांच्या २०४८ मुलांच्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्यांना मुख्य आधार घरच्यांचा वाटत होता, त्यांच्यात मानसिक विकारांचे प्रमाण कमी दिसले. त्यावरून एक दुसऱ्याचे कारणच आहे असे मात्र सिद्ध होत नाही.

शब्दरचना अवश्य पाहा. सर्दीवर चमचाभर फेणी देणारी घरे आपल्याकडे आहेत. ‘कधी दारू घेतली आहे का’ एवढेच विचारले, तर ते मूलही ‘हो’ लिहील. म्हणून चांगल्या प्रश्नावलीत एखाद-दोन घोट वगळायला सांगतात. शिवाय चौथीपर्यंत मराठीत किंवा कोकणीत शिकलेल्या मुलाला ‘एकटे वाटणे’ हे इंग्रजीतून नेमके उमगेलच, असे नाही.

उत्तरे तुम्हाला पाहता येणार नाहीत, आणि येऊही नयेत. घरी कळेल या धास्तीने मुले खरे लिहीत नाहीत. मात्र गावातील शाळेत वर्गात पंधराच मुले असली, तर नाव नसूनही वय, लिंग आणि वाडा यांवरून मूल ओळखता येते. तेव्हा असे तपशील किती विचारणार, उत्तरपत्रिका कोण गोळा करणार आणि शिक्षक बाकांमधून फिरणार का, हे मुख्याध्यापकांना विचारा. निनावी कागदावरून त्रासात असलेले मूल शोधता येत नाही, म्हणून समुपदेशकाची भेटीची वेळ आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक त्या दिवशी सर्वच मुलांना द्यायला हवा.

सही करण्यापूर्वी मुलीलाही विचारा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीबरोबर तिचाही होकार लागतो. तिने नकार दिला, तर तुमची सही असूनही तिला बसवता येत नाही.