प्लॅटफॉर्मचा सासरा

चि. लेकरा,
अनेक आशीर्वाद.

गेम खेळताना लाइव्ह दाखवणाऱ्या त्या नव्या साइटचा, म्हणजे प्लॅटफॉर्मचा, तुझ्याशी करायचा करार परवा व्हॉट्सॲपवर आला. बारा पानं, तीही मोबाइलवर. चष्मा लावून, बोटांनी मोठं करून करून वाचली. खाली तू लिहिलंस, "काका, दर महिन्याला फिक्स देणार म्हणायलेत, सही करून टाकू का?" फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू 'हो काका, हो काका' करतोस आणि मनात असेल तेच करतोस. म्हणून लिहायला बसलो.

आज घरोघर फायबर देतो म्हणून तुम्ही पोरं मला नेटवाला म्हणता. तू जन्मायच्या आधीपासून मी उदगिरात केबलवाला होतो. गच्चीवर मोठी डिश, खाली पत्र्याच्या खोलीत कंट्रोल रूम, शंभर रुपये महिना. देगलूर रोडकडच्या घरांना ईटीव्ही तेलुगू लागायचा, बिदर रोडकडं कन्नड, मधल्या मोहल्ल्यात उर्दू. कुणाला काय लागतं हे मला तोंडपाठ होतं आणि त्यावरच धंदा चालायचा.

मग गल्लीत दुसरा आला. तीन महिने फुकट, वायर फुकट, वर दिवाळीला मिठाईचा पुडा. मी शंभराचे साठ केले, त्यानं चाळीस केले. रात्री वायरी कापल्या जायच्या. कोण कापायचं ते आम्हा दोघांनाही पक्कं माहीत होतं, कारण आम्ही दोघंही कापायचो. गिऱ्हाइकांची मात्र चंगळ. मला एकच कोडं पडायचं, की ह्या माणसाला फुकट वाटणं परवडतं कसं? वर्षभरानं कळलं. त्याच्या सासऱ्याची ट्रॅक्टरची एजन्सी होती. पैसा तिकडून यायचा. एक साल पाऊस दगा देऊन गेला, ट्रॅक्टर खपेनात, सासऱ्यानं हात आखडला आणि आमचे हे पठ्ठे एका महिन्यात गाशा गुंडाळून गेले. वायरी खांबावर तशाच लोंबकळत. फुकटच्या नादानं त्याच्याकडं गेलेली माणसं डेरेदाखल माझ्या दारात, आणि मी दर केला सव्वाशे. खोटं कशाला बोलू?

तू ज्या धंद्यात पाय टाकायलास तिथंही पहिला प्रश्न हाच विचार. ह्याचा सासरा कोण?

गेम लाइव्ह दाखवणारी साइट ट्विच, तिचंच घे. २००७ मध्ये अमेरिकेत जस्टिन कान नावाच्या पोरानं टोपीला कॅमेरा लावून चोवीस तास आपलं जगणं इंटरनेटवर दाखवायला सुरुवात केली. पुढं ती साइट सगळ्यांना खुली झाली, तेव्हा लोकांना बघायचे होते ते गेम. म्हणून २०११ मध्ये गेमसाठी ट्विच वेगळं काढलं आणि ते बापापेक्षा मोठं झालं. २०१४ च्या ऑगस्टमध्ये ॲमेझॉननं ते ९७ कोटी डॉलरला घेतलं. म्हणजे सासरा ॲमेझॉन. पुढच्याच वर्षी गूगलनं यूट्यूब गेमिंग काढलं, वेगळं ॲप वगैरे, आणि २०१९ मध्ये ते ॲप बंद करून मूळ यूट्यूबात मिसळून टाकलं. मायक्रोसॉफ्टनं २०१६ मध्ये बीम नावाची छोटी कंपनी घेतली, तिचं नाव मिक्सर ठेवलं. फेसबुकनंही आपला गेमिंगचा तंबू ठोकला.

ह्यातली मिक्सरची गोष्ट नीट ऐक, तुझ्या बारा पानांची ती थोरली बहीण आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी निन्जाला उचललं. त्या काळचा ट्विचवरचा सगळ्यात मोठा गडी. ऑक्टोबरात श्राउड नावाच्या दुसऱ्या स्ट्रीमरलाही नेलं. हिशोब सरळ होता, की पाटील गेला की गाव मागं जाईल. गाव गेलं नाही. लोकांचं चॅटमधलं टोळकं, तिथले त्यांचे ते इमोट म्हणजे चॅटमध्ये टाकायची बारकी चित्रं, रात्री अकराला कुठं टेकायचं ती सवय, सगळं जुन्या पारावर होतं. २२ जून २०२० ला मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं आणि २२ जुलैला मिक्सर बंद. निन्जाचं काही बिघडलं नाही, त्याचे पैसे मोठे होते, सप्टेंबरात तो ट्विचवर परत आला. पण तिथल्या साध्या स्ट्रीमरांना महिनाभराची सूचना आणि 'फेसबुक गेमिंगकडं जा' असा सल्ला मिळाला. फेसबुकचं ते वेगळं गेमिंग ॲपही २०२२ च्या ऑक्टोबरात मिटलं. मायक्रोसॉफ्ट बुडाली होती का? फेसबुक बुडालं होतं का? सासरा धडधाकट होता, फक्त त्याचं मन उडालं.

आता तू म्हणशील, काका, मग किक नावाची ती नवी साइट? ते तर शंभरातले पंच्याण्णव देतात. देतात, सबस्क्रिप्शनचे देतात. ट्विचवर बहुतेकांना निम्मे मिळायचे. मोठ्यांना सत्तर टक्के होते, त्यातही २०२२ च्या सप्टेंबरात ट्विचनं सांगितलं, की सत्तर फक्त वर्षाच्या पहिल्या एक लाख डॉलरपर्यंत, पुढं पन्नासच. स्ट्रीमर चिडले. त्याच सुमारास ट्विचनं स्टेकसारख्या जुगाराच्या साइटी दाखवायला बंदी घातली. आणि वर्ष संपता संपता किक उगवलं, तेही स्टेकवाल्यांच्याच घरातून. पाच टक्क्यांत कुणाचं दुकान चालतं? सासऱ्याचा कसिनो आहे, म्हणून चालतं. आपल्याकडं तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदाच झाला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी, आणि त्यांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ई-स्पोर्ट्सला मात्र त्याच कायद्यानं मान दिला. तेव्हा स्ट्रीमच्या कोपऱ्यात कुणी छोटासा लोगो लावायला सांगितला, तर आधी मला दाखव.

धंदा एवढा महाग का, हे तुला कुणी सांगत नाही. मी सांगू शकतो, कारण माझी अर्धी हयात वायरीत गेली. पिक्चर एकदा साठवला की जागोजागी ठेवून देता येतो. लाइव्ह तसं नसतं. तू ओबीएसवरून, म्हणजे लाइव्ह सोडायच्या त्या सॉफ्टवेअरवरून, एक धार सोडतोस, ती त्याच क्षणी फोडून १०८०, ७२०, ४८०, ३६० अशा स्पष्ट ते अंधूक चित्राच्या चार-पाच आकारांत शिजवावी लागते आणि तिथल्या तिथं गरम गरम वाढावी लागते. बघणारा एक असो की हजार, शिजवणं चुकत नाही. दक्षिण कोरियात तर नेटवर्कच्या कंपन्या असल्या साइटींकडून वेगळा पैसा घेतात. ट्विचनं आधी चित्र ७२० वर उतरवून बघितलं, तरी पेलवेना. बाकी देशांच्या दहापट खर्च येतोय म्हणाले आणि २७ फेब्रुवारी २०२४ ला कोरियातून उठले. गेमवेडा देश, तरी उठले. लगेच तिथल्या नेव्हर कंपनीनं चिजिक नावाचं आपलं दुकान पुढं सरकवलं. त्याच वर्षी जानेवारीत ट्विचनं पाचशेवर माणसं कमी केली होती. ॲमेझॉनचा जावई, दहा वर्षांचा संसार, आणि तरी तेव्हा नफा नव्हता.

हेच गणित आपल्या शिवारात आणून बघ. तू सहा हजार केबीपीएसनं (सेकंदाला सहा हजार किलोबिट) सोडतोस, म्हणजे तासाला पावणेतीन जीबी. तुझा बघणारा कोण? अहमदपूरला मेसवर राहणारं पोरगं, जळकोटला रानात मोटारीपाशी बसलेला गडी. त्याचा रिचार्ज रोज दीड जीबीचा. पूर्ण क्वालिटीत बघितलं तर अर्ध्या तासात पॅक संपला. म्हणून तो ४८० ला किंवा ३६० ला बघणार. खालच्या क्वालिटीचा पर्याय सगळ्यांना मिळतो का, हे नव्या प्लॅटफॉर्मला विचारलंस का? ट्विचवर बारक्या स्ट्रीमरांना तो त्यांच्या सर्व्हरवर जागा असेल तरच मिळायचा. यूट्यूब सगळ्यांना देतं. आणि यूट्यूब त्या गड्याच्या फोनमध्ये आधीपासून आहे, कीर्तनासाठी, सोयाबीनच्या फवारणीसाठी, बायकोच्या रेसिपीसाठी. दुसरं ॲप घ्यायचं म्हणजे आधी फोनमधले फोटो उडवून जागा करायची. मराठीत बोलणाऱ्याला यूट्यूब सोडवत नाही ते ह्यामुळं. गूगलवरच्या प्रेमाचा तिथं काही संबंध नाही.

आपल्या देशातले गेम लाइव्ह दाखवणारे लोको आणि रूटर तुला माहीतच आहेत. एक प्रश्नमंजूषेतून आलेलं, दुसरं खेळांच्या गप्पांमधून, दोघंही वारा बघून गेमकडं वळले. वळले त्यात वाईट काही नाही. मीही केबलवरून फायबरला वळलोच की. पण जो एकदा वळतो तो पुन्हा वळू शकतो, एवढं ध्यानात ठेव. आणि गेमचंही तसंच. २ सप्टेंबर २०२० ला पब्जी बंद झाली. तिचीच भारतासाठीची आवृत्ती बीजीएमआय २०२१ च्या जुलैत आली, २०२२ च्या जुलैत दुकानातून गेली, २०२३ च्या मे अखेरीस परतली. त्या दहा महिन्यांत ज्यांना 'बीजीएमआयवाला' एवढीच ओळख होती, त्यांचे हाल तू बघितलेस.

आता तुझी पानं.

पान चार. 'फक्त आमच्याकडेच लाइव्ह.' २०२३ च्या जूनमध्ये किकनं एक्सक्यूसी नावाच्या कॅनडाच्या स्ट्रीमरला घेतलं, दोन वर्षांसाठी, आकडा छापून आला तो ७ कोटी डॉलरचा. आणि त्याला ट्विचवर जायचीही मोकळीक होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात ट्विचनं स्वतःच सगळ्यांना एकाच वेळी दुसरीकडं दाखवायची परवानगी दिली. सात कोटी डॉलर देणारा एकनिष्ठा मागत नाही आणि तुला महिन्याच्या काही हजारांत सातही जन्म मागायलेत! ही ओळ काढायला सांग. नाहीच काढली तर निदान लाइव्हपुरतीच ठेव. कापलेले तुकडे, शॉर्ट, जुने व्हिडिओ यूट्यूबवर टाकायचा हक्क तुझा.

पान सात. महिन्याला ऐंशी तास. दिवसाला पावणेतीन होतात, एकही सुट्टी न घेता. वीज गेलेली त्यात धरतात का? तुझ्या गावठाण फीडरला काय काय होतं ते मला विचार. वारं सुटलं की लाइन जाते, ती आली की नेट यायला दहा मिनिटं, तोवर चॅट रिकामं. 'वीज वा इंटरनेट खंडित झाल्यास तास पुढील महिन्यात भरून देता येतील' असं एक वाक्य घालून घे. आणि राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लाव, मी देतो, पैसे सावकाश दे.

पान नऊवर मी अडकलो. ते पंधरा दिवसांच्या नोटिशीनं करार मोडू शकतात, तू मोडलास तर घेतलेले पैसे परत. असल्या ओळीवर मी एकदा सही केलेली आहे. मागून नेट देणाऱ्या एका कंपनीशी तीन वर्षं बांधून घेतलं, त्यांनी मध्येच दर वाढवला, सोडायचं म्हटलं तर डिपॉझिट जातंय. तुझ्या काकूच्या पाटल्या तेव्हा बँकेत गेल्या. त्या सोडवायला चार वर्षं लागली आणि अजूनही सणाला तो विषय निघतोच. दोन्हीकडं सारखी नोटीस असू दे, आणि त्यांनी दुकान मिटलं तर तीन महिन्यांचे पैसे मिळाले पाहिजेत. ऐकणार नाहीत, मला माहीत आहे. तरी माग. मागितल्यावर त्यांचा माणूस कसा बोलतो, त्यावरून पुष्कळ कळतं.

अकराव्या पानावर व्हिडिओ त्यांच्या मालकीचे. ओबीएसमध्ये रेकॉर्डिंग चालू ठेव, हार्ड डिस्कवर. शिवाय तुझी जी चारशे-पाचशे माणसं रोज येतात त्यांचा एक डिस्कॉर्ड किंवा व्हॉट्सॲप ग्रुप आजच कर. करारात ग्रुपबद्दल काही लिहिलेलं नाही, मी दोनदा बघितलं.

त्या केबलच्या भांडणात माझी सगळी गिऱ्हाइकं गेली नव्हती. फुकट मिळत असताना तीसेक घरं माझ्याकडं पैसे भरत राहिली, का, ते तेव्हा मला कळलं नव्हतं. मी एक लोकल चॅनल चालवायचो. व्हीसीआर आणि लग्नातला कॅमेरा. गणपती विसर्जनाला चौकातल्या दुकानाच्या माडीवर कॅमेरा लावायचो, तिथून कंट्रोल रूमपर्यंत वायर ओढायचो आणि मिरवणूक थेट सोडायचो. मागं मीच बोलायचो, "हे आले बघा सराफ लाइनचे, लेझीम बघा, ए पांढरा सदरा, बाजूला हो." चित्र कसं, तर पावसात काच पुसावी तसं. पण म्हाताऱ्या बायका घरात बसून नातू शोधायच्या, आणि सापडला की मला लँडलाइनवर फोन यायचा, पुन्हा दाखव म्हणून. लाइव्ह होतं ते, पुन्हा कुठून दाखवू?

तू परवा मॅच हरताना जे बोललास ना, "गेलं माय, सगळी रास भिजली," त्यावर चॅट किती वेळ हसत होतं, मी बघत होतो. काकूही बघत होती. तिला गेम ओ की ठो कळत नाही.

शनिवारी दुपारी दुकानावर ये. करार छापून आण, एका बाजूनं, म्हणजे पेन्सिलीनं लिहायला जागा राहील. आणि तुझ्या मोडेमवर अधूनमधून लाल दिवा लागतो म्हणालास, तो लागला की लगेच वेळ लिहून ठेव. बहुतेक पाण्याच्या टाकीजवळच्या खांबावरचा जॉइंट आहे. माकडं बसतात त्यावर. पोराला शिडी घेऊन पाठवतो.

तुझा
नेटवाला काका