निवडणूक समजून घ्यायची तर १९४८ पासून वाच

परभणीत बसून लोकसभा समजून घ्यायची असेल, तर दिल्लीची पुस्तकं जरा बाजूला ठेव आणि १७ सप्टेंबर १९४८ पासून, म्हणजे निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात आलं त्या दिवसापासून, सुरुवात कर. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत आपला मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तेव्हा गुलबर्ग्यातून लोकसभेत गेले आणि १९५७ ला औरंगाबादेतून.

मग एकच मतदारसंघ धर, त्याचा पिच्छा सोडू नकोस. माझं विचारशील तर लातूर. काँग्रेसचे शिवराज पाटील चाकूरकर १९८० पासून तिथून सलग निवडून येत होते. २००४ ला देशात वाजपेयींचं सरकार गेलं, आणि त्याच निवडणुकीत लातुरात भाजपच्या रूपाताई पाटील निलंगेकर जिंकल्या! तेव्हापासून देशव्यापी लाटेच्या गप्पांवर माझा चटकन विश्वास बसत नाही.

निकालाच्या दिवशी टीव्हीवरची भांडणं बंद ठेव, फेरीनिहाय आकडे वहीत उतरव. २०२४ ला बीडचा फैसला अवघ्या ६,५५३ मतांनी झाला. नंतर फॉर्म २०, म्हणजे अंतिम निकालाचा तक्ता काढ, त्यात बूथनिहाय मतं असतात. आधी आपल्या गावाचं बूथ बघ, मग शेजारच्या तांड्याचं. एवढ्याशा अंतरात मतं का फिरली, हे पारावरच्या म्हाताऱ्यांना जाऊन विचार.