दोन हजार डॉलरचा अर्ज आणि त्रेचाळीस हजारांची पॉलिसी

प्रश्न : आम्ही मूळचे वसईचे असून अनेक वर्षे न्यू जर्सीत राहतो. मुलगी कॅथोलिक हायस्कूलमध्ये बारावीत आहे आणि शाळेच्या व्हॉलीबॉल संघातून खेळते. आमच्या धर्मप्रांतातील एक संस्था कॅथोलिक खेळाडू विद्यार्थ्यांना २,००० डॉलरची शिष्यवृत्ती देते. निबंध, फादरांचे पत्र, प्रशिक्षकांचे पत्र असा सगळा खटाटोप करावा का? पेनसिल्व्हेनियातील एका डिव्हिजन थ्री (कॉलेज खेळांच्या तिसऱ्या श्रेणीतील) कॅथोलिक कॉलेजच्या प्रशिक्षकांनी तिला संघात घेण्याची तयारी दाखवली आहे, त्यामुळे पुढे तेथील क्रीडा शिष्यवृत्तीही मिळेल अशी आशा आहे. कमी पडणाऱ्या वर्षाकाठी ३०,००० डॉलरसाठी पॅरेंट प्लस हे केंद्र सरकारकडून पालकांना मिळणारे कर्ज काढू. शिवाय सहा वर्षांपूर्वी एका परिचितांकडून तिच्या शिक्षणासाठी माझ्या नावावर इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ (शेअर निर्देशांकाशी जोडलेली आयुर्विमा) पॉलिसी घेतली असून महिना ६०० डॉलर भरतो. या पॉलिसीवर कर्ज मिळते आणि फाफ्सात, म्हणजे केंद्र सरकारच्या विद्यार्थी साहाय्यासाठीच्या अर्जात, तिचे मूल्य धरत नाहीत, असे ते सांगतात. ताज्या विवरणात संचित मूल्य २९,००० आणि पॉलिसी मोडल्यास हाती येणारी रक्कम २१,००० आहे. आमचे उत्पन्न १,५५,००० असल्याने त्यांच्या सल्ल्यावरून फाफ्सा भरलेला नाही.

उत्तर : अर्ज अवश्य करावा. एका शनिवार-रविवारच्या कामाचे दोन हजार डॉलर मिळण्याची शक्यता असेल, तर तो खटाटोप म्हणता येणार नाही. मात्र फादरांचे पत्र शेवटच्या आठवड्यात मागू नका, आणि त्याआधी धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) तुमच्या कुटुंबाची रीतसर नोंदणी आहे का ते पाहा. वसईत फादर कुटुंबाला पिढ्यान्‌पिढ्या ओळखत असतात. अमेरिकेत मात्र दर रविवारी मिस्साला जाणारे कुटुंबही नोंदवहीत नसेल, तर कार्यालयातून पत्र मिळताना अडचण येऊ शकते. निबंधात सामन्यांचे निकाल मोजत बसण्यापेक्षा संघात आणि धर्मग्रामात तिने कोणासाठी काय केले ते लिहावे, कारण गुणफलक प्रशिक्षकांच्या पत्रात येणारच आहे. रक्कम एकदाच मिळते की दरवर्षी, हे संस्थेला विचारा. बाहेरची शिष्यवृत्ती मिळाल्यावर कॉलेज आपले अनुदान तेवढ्याने कमी करते का, हे कॉलेजच्या आर्थिक साहाय्य कार्यालयाला विचारा. ही रक्कम शिकवणी शुल्क आणि पुस्तकांवर खर्च झाली तर करमुक्त असते. राहण्याजेवणावर खर्च झाली तर ती करपात्र ठरते. तुमच्या प्रश्नाचे उत्तर इथे संपले.

दुसरी आशा मात्र आजच सोडून द्या. डिव्हिजन थ्रीमधील कॉलेजांना खेळासाठी शिष्यवृत्ती देण्यास एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेच्या नियमांनीच मनाई आहे, मग ते स्क्रँटनचे जेझुइट विद्यापीठ असो की वॉशिंग्टनमधील कॅथोलिक युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिका. प्रशिक्षकांनी संघात जागा देऊ केली आहे, पैसे नव्हे. अशा ठिकाणी गुणवत्तेवर किंवा गरजेवर साहाय्य मिळते, आणि ते वाढवून मागायचे असेल तर प्रशिक्षकांशी नव्हे, प्रवेश व साहाय्य कार्यालयाशी बोलावे लागते.

आता पॉलिसीकडे वळतो. तिच्याविषयी तुम्ही काहीच विचारलेले नाही, पण पत्रातील सर्वांत महागडा मजकूर तोच आहे. महिना ६०० प्रमाणे सहा वर्षांत तुम्ही सुमारे ४३,००० डॉलर भरले आणि आज हातात येतील २१,०००. हेच हप्ते ५२९ खात्यात, म्हणजे शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात, गेले असते आणि सरासरी सहा टक्के परतावा मिळाला असता, तर आज सुमारे ५२,००० डॉलर जमले असते. २०२२ पासून, दोन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या न्यू जर्सीतील कुटुंबाला एनजेबेस्ट या राज्याच्या ५२९ योजनेत भरलेल्या १०,००० डॉलरपर्यंतच्या रकमेवर राज्याच्या आयकरात वजावट मिळते. म्हणजे वर्षाला चारेकशे डॉलर आणखी वाचले असते. फरक ३१,००० डॉलरचा, म्हणजे तुम्ही आज ज्या शिष्यवृत्तीसाठी धडपडत आहात तशा पंधरा शिष्यवृत्त्यांचा.

‘फाफ्सात पॉलिसीचे मूल्य धरत नाहीत’ हे त्या परिचितांचे वाक्य खरे आहे, आणि अशी अर्धी खरी वाक्येच अशा पॉलिसी खपवतात. पालकांच्या नावावरील ५२९ खाते फाफ्सात धरले जाते, पण कमाल ५.६४ टक्क्यांनी, म्हणजे ५२,००० मुळे साहाय्यात होणारी घट पहिल्या वर्षी फार तर सुमारे २,९०० डॉलरची. तेवढे वाचवण्यासाठी ३१,००० घालवायचे, या व्यवहाराला नियोजन म्हणणाऱ्यांबद्दल सौम्य शब्द वापरणे मला जमत नाही. सहा-सात वर्षांत लागणाऱ्या पैशासाठी ही पॉलिसी मुळातच चुकीची होती, कारण सुरुवातीच्या वर्षांतील हप्त्यांचा मोठा भाग कमिशन आणि विमाखर्चात जातो, निर्देशांकाच्या परताव्याला वरून मर्यादा असते आणि विम्याचा खर्च वयाबरोबर चढत जातो. तिच्यावर कर्ज काढाल तर व्याज भरून आपलेच उरलेले पैसे वापराल.

फाफ्साविषयीचा सल्ला तर तुमच्याच बेताच्या मुळावर येतो. पॅरेंट प्लस कर्जासाठी विद्यार्थ्याचा फाफ्सा लागतोच. आणि १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदार पालकांना एका मुलासाठी वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलरपर्यंतच हे कर्ज मिळणार आहे. तुम्हाला चार वर्षांत लागतील १,२०,०००. मुलीच्या स्वतःच्या नावावर केंद्र सरकारचे कर्ज चार वर्षांत २७,०००, तेही फाफ्सा भरल्यावरच. तरीही उरतात २८,०००, म्हणजे वर्षाला ७,०००. पॉलिसीचा वार्षिक हप्ता आहे ७,२००.

व्याजाकडेही पाहा. २०२५-२६ साठी पॅरेंट प्लसचा दर ८.९४ टक्के आहे, विद्यार्थ्याच्या कर्जाचा ६.३९ टक्के, आणि पालकांच्या कर्जातून चार टक्क्यांहून अधिक शुल्क आधीच कापले जाते. ६५,००० चे कर्ज दहा वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे ८२० डॉलर लागतील; पॉलिसीतून सुटलेले २१,००० वापरून ते ४४,००० वर आणले तर साधारण ५६०.

क्रम मात्र चुकवू नका. फाफ्सा या आठवड्यात भरा, कारण कॉलेजांच्या प्राधान्याच्या मुदती वाट पाहत नाहीत. त्यानंतर मुलगी कमावती होईपर्यंत पुरेल असा साधा मुदतीचा विमा घ्या आणि तो मंजूर होऊन लागू झाल्याखेरीज जुन्या पॉलिसीला हात लावू नका. तुम्हाला मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर ही खबरदारी दुप्पट महत्त्वाची. नव्या विम्याच्या हप्त्याइतकी, म्हणजे ७,२०० मधील थोडी रक्कम कॉलेजच्या वाट्यातून कमी होईल, हेही धरून चाला. मग विमा कंपनीकडून, परिचितांकडून नव्हे, दोन आकडे लेखी मागवा : पॉलिसी आज मोडल्यास किती मिळतील, आणि यापुढे एकही हप्ता न भरता वर्षभराने मोडल्यास किती. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा ठळकपणे मोठा नसेल तर आजच मोडा. भरले त्याहून कमी परत मिळत असल्याने त्यावर कर लागणार नाही. तोट्याची वजावटही मिळणार नाही. परिचितांनी ‘आणखी चार वर्षे थांबा’ असे सांगितलेच, तर त्या चार वर्षांत भरायचे २८,८०० आणि शेवटी हमखास मिळणारी रक्कम, असे दोन्ही आकडे एका कागदावर सहीनिशी द्यायला सांगा.