६४ नोंदींची प्रकाशनसूची कशी वाचावी?

प्रश्न : मी शिक्षणशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली असून वेबसाइटची रचना आणि विद्यार्थ्यांचे अध्ययन या दोन्हींना स्पर्श करणाऱ्या विषयात पीएच.डी. करण्याचा विचार आहे. ज्यांच्याकडे काम करावे असे वाटते, त्या प्राध्यापकांच्या प्रकाशनसूचीत ६४ नोंदी आहेत. त्यांपैकी ४० परिषदांमधील निबंध, १५ नियतकालिकांतील लेख आणि उरलेल्या नोंदी पुस्तकांतील प्रकरणांच्या व अहवालांच्या आहेत. एच-इंडेक्स ११ आहे. माझे एक स्नेही म्हणतात की परिषदांचे निबंध म्हणजे नुसती भरती, आणि ११ हा आकडाही किरकोळच. या सूचीवरून मी नेमके काय ठरवावे?

उत्तर : आपल्या स्नेह्यांचे म्हणणे एका क्षेत्रात बरेचसे लागू पडते आणि दुसऱ्या क्षेत्रात मुळीच लागू पडत नाही, या सूचीची खरी अडचण तीच आहे. शिक्षणशास्त्रात संशोधनाचा पक्का निष्कर्ष नियतकालिकात मांडण्याची रीत आहे, आणि परिषदेत पुष्कळदा चालू कामाचा गोषवारा वाचला जातो. संगणकशास्त्रात, विशेषतः माणूस संगणक कसा वापरतो याचा अभ्यास करणाऱ्या शाखेत, परिषदेचा निबंध हेच अनेकदा मुख्य प्रकाशन असते. या शाखेतील ‘सीएचआय’सारख्या परिषदेत संपूर्ण निबंध समीक्षकांकडे जातो आणि आलेल्या निबंधांपैकी बहुसंख्य नाकारले जातात. त्यामुळे नुसत्या ४० या आकड्याला काही अर्थ नाही. प्रत्येक परिषदेपुढे एवढेच लिहून काढावे की तेथे पूर्ण निबंधाची समीक्षा झाली होती की केवळ गोषवाऱ्याची. हे काम एका संध्याकाळचे आहे, आणि ते केल्यावर सूचीचा चेहरा बदलून जातो.

एच-इंडेक्सची कल्पना जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडली. ११ याचा अर्थ असा की किमान ११ प्रकाशने अशी आहेत, ज्यांतील प्रत्येकाचा उल्लेख इतरत्र किमान ११ वेळा झाला आहे. एखाद्या निबंधाचा उल्लेख ३०० वेळा झाला असला तरी या आकड्यात तो १२ उल्लेखांच्या निबंधाइतकाच मोजला जातो. शिवाय संशोधन-निबंध व त्यांचे उल्लेख शोधून देणाऱ्या गूगल स्कॉलर आणि स्कोपस या सेवांची मोजणी निबंधांच्या वेगवेगळ्या साठ्यांवर होत असल्यामुळे एकाच व्यक्तीचे दोन आकडे दिसू शकतात. नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याच कोणाचे निबंध मिसळलेले नाहीत ना, हेही पाहावे. प्रत्येक संशोधकाला स्वतंत्र ओळख देणारा, २०१२ पासून मिळू लागलेला सोळा अंकी ओरकिड क्रमांक त्यासाठीच आहे. आकड्याबद्दल याहून अधिक विचार करण्याचे कारण मला दिसत नाही.

खरा वेळ द्यायचा तो एकेका निबंधाला. समजा, एका नोंदीत अपूर्णांक शिकवणाऱ्या वेबसाइटच्या दोन रूपांची तुलना आहे : एकात धड्यांचा मेनू डाव्या बाजूला कायम दिसतो, दुसऱ्यात तो बटणामागे दडलेला आहे. निबंध उघडल्यावर आधी पद्धतीचा भाग वाचावा आणि मोजले काय ते पाहावे. हवे ते पान सापडायला किती सेकंद लागले, किती वेळा चुकीच्या ठिकाणी क्लिक झाले आणि मुलांना कोणते रूप आवडले, एवढेच मोजले असेल, तर तो वेबरचनेचा चांगला निबंध असू शकतो. परंतु त्यावरून ‘अध्ययन सुधारले’ असा निष्कर्ष काढला असेल, तर तो पुराव्याच्या पुढे गेलेला आहे. मुलांना अपूर्णांकांची बेरीज आधी किती येत होती, नंतर किती आली आणि काही आठवड्यांनी किती टिकली, हे तपासले असेल तरच तो निबंध शिक्षण संशोधनाच्या कसोटीला उतरतो. हा वाद जुना आहे. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्येच असे मांडले होते की माध्यम हे केवळ वाहन असते, आणि अध्ययनात पडणारा फरक शिकवण्याच्या पद्धतीमुळे पडतो, वाहनामुळे नव्हे. त्यांच्याशी असहमत होणारे अभ्यासकही मोठे आहेत; पण आपल्या संभाव्य मार्गदर्शकांना हा प्रश्न पडलेला आहे की नाही, हे त्यांच्या निबंधातील दोन-तीन परिच्छेदांत कळून येते. माझ्या मते संपूर्ण सूचीत शोधण्यासारखी गोष्ट हीच आहे.

जुन्या नोंदी त्यांच्या काळात ठेवूनच वाचाव्यात. वेबरचनाकार ईथन मारकॉट यांनी ‘रिस्पॉन्सिव्ह’, म्हणजे पडद्याच्या आकारानुसार मांडणी बदलणाऱ्या, रचनेची कल्पना त्या नावाने मांडली ती मे २०१० मध्ये. तेव्हा २००७ मधील निबंधात मोबाइलच्या पडद्याचा विचार नाही, हा दोष धरता येत नाही. निबंधात वर्णिलेली वेबसाइट आज उघडत नाही म्हणून ती नव्हतीच, असेही समजू नये. त्या काळातील कितीतरी शैक्षणिक साहित्य फ्लॅश या सॉफ्टवेअरमध्ये बनवलेले होते, आणि फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. वेबपानांच्या जुन्या प्रती जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनमध्ये पत्ता टाकून पाहावा. निदान पानांची मांडणी पाहायला मिळण्याची शक्यता असते. याउलट, अलीकडच्या निबंधात दृष्टिबाधित विद्यार्थ्यांचा किंवा केवळ कीबोर्ड वापरणाऱ्यांचा विचारच नसेल, तर ती उणीव मी गंभीर मानतो, कारण डब्ल्यूसीएजी ही सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे १९९९ पासून उपलब्ध आहेत.

आपण विद्यार्थी म्हणून जाणार आहात, तेव्हा लेखकांच्या नावांचा क्रम मन लावून पाहा. मार्गदर्शकांच्या विद्यार्थ्यांची नावे किती निबंधांत पहिली आहेत? तीच नावे पुढे स्वतंत्र निबंधांत दिसतात, की दोन वर्षांनंतर नाहीशी होतात? एकच प्रयोग थोडा थोडा कापून तीन ठिकाणी छापलेला दिसला, तर सावध व्हावे. मात्र परिषदेचा निबंध वाढवून, तसे स्पष्ट नमूद करून नियतकालिकात दिला असेल, तर त्यात गैर काही नाही. शक्य असेल तर त्यांच्या एखाद्या माजी विद्यार्थ्याशी बोलावे, कारण निबंधावर आपले नाव कुठे यायचे हे कसे ठरत असे, ते सूचीत लिहिलेले नसते.

प्रश्न : मी शिक्षकांसाठी एक वेबसाइट तयार केली आणि ती वर्षभर वर्गात वापरली, पण तिच्यावर निबंध लिहिलेला नाही. माझ्या प्रकाशनसूचीत ती घालता येईल का?

उत्तर : घालता येईल, परंतु निबंधांच्या यादीत नव्हे, ‘सॉफ्टवेअर व शैक्षणिक साधने’ असे वेगळे शीर्षक करावे. त्याआधी वेबसाइटचा कोड, धड्यांचे साहित्य आणि वापराची छोटी टिपणी एकत्र करून झेनोडोसारख्या संशोधन-साहित्याच्या ऑनलाइन भांडारात ठेवावी. तेथे डीओआय हा कायमचा ओळखक्रमांक मिळतो आणि इतरांना आपल्या कामाचा रीतसर उल्लेख करता येतो. मुलांची नावे, छायाचित्रे व गुण त्यात जाणार नाहीत, याची मात्र स्वतः एकेक फाइल उघडून खात्री करावी. नोंदीत आपण काय केले तेही लिहावे : रचना, कोड, धड्यांचे लेखन की वर्गातील चाचणी. वेबसाइट कोणीतरी बनवून दिली आणि धडे आपले, असे असेल तर बनवणाऱ्याचे नाव सहनिर्माता म्हणून आलेच पाहिजे.