पाच आणि आठ वर्षांच्या मुलांना घेऊन कॅनडातल्या अल्गॉन्क्विन पार्कात तीन रात्रींचं कनू कॅम्पिंग (वल्ह्याच्या होडीने जाऊन तंबूत राहणं) जमेल का? ओपिओंगो तलाव कसा आहे?

जमेल, आरामात जमेल. फक्त ओपिओंगोचं नाव काढू नका.

तुम्ही लिहिलंय, "मोठा तलाव आहे, म्हणजे पाणी शांतच असेल ना?" हे वाचून राहवलं नाही. आमच्या साडूभाऊंचंही हेच म्हणणं होतं. ओपिओंगो पार्कातला सगळ्यात मोठा तलाव, म्हणजे वाऱ्याला मोकळं रान. सकाळी पाणी काचेसारखं, दुपारी तिथेच फेसाळ लाटा. मी म्हणत होतो, सातला पाण्यात उतरू. पण आधी वाटेतल्या हंट्सव्हिल गावात कॉफी, मग धक्क्यावर फोटो, मग रसगुल्ल्याच्या डब्यावरून वाद (पार्काच्या आतल्या भागात टिनचे डबे, काचेच्या बाटल्या न्यायला बंदी आहे; डबा शेवटी गाडीतच राहिला). निघेपर्यंत एक वाजला.

थोडं आत गेलो आणि लाटा आडव्या लागायला लागल्या. साडूंची कनू तिरकी व्हायला लागली. पुढे ताई, म्हणजे साडूंची बायको, जिवाच्या आकांताने वल्हं मारतायत, मध्ये बसलेला धाकटा "बाबा, पाणी आत आलं" म्हणून सांगतोय, आणि साडू मला ओरडून सांगतायत की बेटापर्यंत जाऊच! मी आमची कनू सरळ काठाला घातली. नाइलाजाने तेही आले. खडकाच्या आडोशाला दशम्या नि शेंगदाण्याची चटणी खात संध्याकाळपर्यंत बसलो, वारा पडल्यावर जवळची मोकळी साइट (तंबू ठोकायची जागा) गाठली. साडूभाऊ आजही चारचौघांत सांगतात, "थोडा वारा होता."

तुम्ही कनू लेक नावाचा तलाव घ्या. पार्कातून जाणाऱ्या हायवे 60 ला लागूनच आहे, होडी तिथेच भाड्याने मिळते आणि एकही पोर्टेज (होडी नि सामान उचलून जमिनीवरून चालणं) न करता साइटवर पोचता येतं. बुकिंग तलावाचं होतं, ठरावीक साइटचं नाही. नारिंगी पाटीची जी मोकळी दिसेल ती आपली, म्हणून लवकर निघा. आणि तिन्ही रात्री एकाच जागी राहा. रोज तंबू गुंडाळून पुढे जायची हौस साडूंची. "एवढ्या लांब येऊन एकाच जागी बसायचं?" हो, बसायचं! आमची लेक ओंडक्यावर ऊन खात बसलेल्या कासवासाठी अख्खी सकाळ पोटावर पडून होती. तिने एकदाही विचारलं नाही की आज किती किलोमीटर झाले.

जूनमध्ये जाऊ नका, काळ्या माश्या नि डास पोरांना फोडून काढतात. जुलैअखेर किंवा ऑगस्ट बरा. बुकिंग पाच महिने आधी उघडतं, म्हणजे ऑगस्टसाठी मार्चमध्येच बसायला लागतं. लाइफजॅकेट होडीत असलं की कायद्याचं समाधान होतं. माझं होत नाही. अंगात हवं, बकल लावून, मोठ्यांच्याही. बुडाखाली घेऊन बसणारे लोक आमच्या घरात आहेत. अस्वलं आहेत, तेव्हा तंबूत बिस्किटाचा पुडाच काय, टूथपेस्टसुद्धा नको.

आता खरं सांगायचं तर कनू लेकवरही दुपारी वारा सुटतो, काठ धरूनच जा. शनिवार-रविवारी गर्दीही असते. आणि ओपिओंगो तसा वाईट नाही, तिथे मोटरबोटीची टॅक्सी मिळते, कनूसकट पलीकडे सोडतात. मी तेव्हाच सुचवलं होतं. "वल्हवायला आलोय, टॅक्सीत बसायला नाही," असं उत्तर मिळालं.