तलंगा अंड्यावर येण्यास उशीर होत असल्यास

प्रश्न : परसात आठ तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) पाळल्या असून त्यांना २३ आठवडे पूर्ण झाले आहेत, तरी एकही अंडे मिळालेले नाही. लवकर अंडी मिळावीत म्हणून तिसऱ्या महिन्यापासून लेयर खाद्य (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे खाद्य) सुरू केले आणि आता खुराड्यात रात्रभर दिवा ठेवतो. कोंबड्यांना आजार असेल का? की कोंबडा नसल्यामुळे असे होत आहे?

उत्तर : आपण दिलेल्या माहितीवरून आजाराची शंका घेण्याचे कारण दिसत नाही. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी घालते. कोंबड्याची गरज केवळ पिल्ले उबवण्यायोग्य फलित अंड्यांसाठी असते. अंड्यांसाठीच तयार केलेल्या हलक्या संकरित जाती साधारणपणे १८ ते २० आठवड्यांत अंड्यावर येतात, परंतु जड अंगाच्या जातींना २२ ते २८ आठवडे लागतात आणि गावठी कोंबड्या त्याहूनही उशीर करतात. त्यामुळे आपल्या तलंगा हलक्या संकरित जातीच्या नसतील, तर २३ आठवडे हे चिंतेचे वय नव्हे.

वयाचा हिशेब ठेवावा, पण निर्णय पक्षी पाहून घ्यावा. अंडे जवळ आले की तुरा आणि गळ्याखाली लोंबणारे मांसल गलोल मोठे व लालभडक होतात, कोंबडी कोपरे उकरून जागा शोधू लागते आणि पाठीवर हात ठेवताच पंख किंचित पसरून खाली बसते. संध्याकाळी ती हातात घेऊन शेपटीखालच्या दोन टोकदार हाडांमधील अंतर बोटांनी पाहावे : एकच बोट मावत असेल तर अजून अवकाश आहे, दोन किंवा तीन बोटे मावत असतील तर अंडे लवकरच मिळेल. आठही तलंगा एकाच दिवशी तयार होणार नाहीत, म्हणून प्रत्येकीची तपासणी स्वतंत्रपणे करावी.

खाद्याबाबत मात्र आपल्याकडून घाई झाली आहे. लेयर खाद्यात कॅल्शियम साधारण साडेतीन ते चार टक्के असते, तर वाढीच्या वयात सुमारे एक टक्का पुरेसे असते. ते जादा कॅल्शियम शरीराबाहेर टाकण्याचा भार कोवळ्या मूत्रपिंडांवर पडतो आणि त्यांना कायमची इजा होऊ शकते. कॅल्शियम जास्त दिल्याने अंडे लवकर येत नाही. पहिल्या अंड्याच्या साधारण दोन आठवडे आधी कोंबडीच्या लांब हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा खास साठा तयार होऊ लागतो व पुढे कवचासाठी तो वापरला जातो. वाढीव कॅल्शियमची वेळ तेव्हाची. ज्यांचे तुरे अद्याप फिकट आहेत त्यांचा विचार करून सध्या सर्वांना ग्रोअर खाद्य (वाढीच्या वयातील पक्ष्यांचे खाद्य) द्यावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा, कारण गरज असलेली कोंबडी तो स्वतःहून खाते. बहुतेक तलंगा अंडी घालू लागल्या की पुन्हा लेयर खाद्यावर यावे. मूठ-मूठ धान्य वारंवार टाकल्यास त्या त्यावरच पोट भरतात आणि प्रथिने कमी पडतात, हेही लक्षात ठेवावे.

रात्रभर दिवा ठेवणे आजपासून बंद करावे. दिवस मोठा होत असल्याची जाणीव कोंबडीच्या मेंदूला प्रकाशामुळे होते व त्यातून अंडाशयाला चालना मिळते, हे खरे आहे. लहान होत जाणाऱ्या दिवसांत वयात येणाऱ्या तलंगा म्हणूनच रेंगाळतात. परंतु नैसर्गिक व कृत्रिम मिळून १४ ते १६ तास प्रकाश पुरेसा असतो आणि उरलेला वेळ त्यांना अंधारात विश्रांती हवी असते. दिवस लहान असतील तरच, तुरे लाल झाल्यानंतर, दर आठवड्याला अर्धा तास या गतीने प्रकाश वाढवावा व तो शक्यतो पहाटे द्यावा, म्हणजे संध्याकाळी दिवा अचानक मालवल्याने पक्षी बसण्याच्या दांडीवर चढण्याआधीच अंधारात अडकत नाहीत. शरीर भरण्याआधी प्रकाशाचा जोर लावल्यास अंडी बारीक राहतात आणि अंडनलिका बाहेर येण्याचा धोका वाढतो. हा त्रास कोंबडीच्या जिवावर बेततो.

दरम्यान घरटी तयार ठेवावीत. चार-पाच कोंबड्यांमागे सुमारे ३० सेंटीमीटर लांबी-रुंदीचे एक घरटे, काहीशा अंधाऱ्या जागी, कोरडे गवत घालून, बसण्याच्या दांडीपेक्षा खाली असावे. त्यात खोटे अंडे ठेवल्यास जागा ओळखायला मदत होते. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या झुडपांत अंडी लपवतात, तेव्हा एकदा परिसरही शोधून पाहावा, कदाचित आपण वाट पाहत असलेली अंडी तिथेच असतील.

सुरुवातीची अंडी लहान, दोन बलकांची किंवा मऊ कवचाची असू शकतात व काही आठवड्यांत हे सुरळीत होते. मात्र एखादी तलंग शेपटी खाली टाकून, अंग उभे धरून, वारंवार कुंथत असेल आणि अंडे येत नसेल, तर तिला कोमट पाण्यात पोटापर्यंत १५ ते २० मिनिटे बसवून उबदार जागी ठेवावे व त्याच दिवशी पशुवैद्यकांना दाखवावे. तसेच ३२ आठवड्यांनंतरही तुरा फिकट असेल किंवा वजन घटत असेल, तर विष्ठेची जंतांसाठी तपासणी करून घ्यावी आणि रात्री बॅटरीने दांडीच्या फटींत रक्त शोषणारे लाल माइट (गोचिडासारखे बारीक जीव) आहेत का, ते पाहावे.